अष्टमीची परडी

माझ्या थोरल्या जावेच्या अंगात देवी येते, यावर लग्न होऊन त्या घरात आल्यापासून माझा विश्वास नव्हता. तिला आम्ही अक्का म्हणतो. थोरले दीर गेले तेव्हा ती ऐन तारुण्यात होती, पदरी मूलबाळ नव्हतं, तरी माहेरी परत न जाता ती सासरीच राहिली. नांदूरघाटच्या अलीकडे आमचं गाव. घरची शेती, दावणीला गुरं, आणि घरात सासूबाईंचा, म्हणजे आत्याबाईंचा, शब्द शेवटचा. अशा घरात विधवा सुनेला कोण विचारतं? पण मंगळवारी देवीच्या ठाण्यापुढे संबळ वाजायला लागलं, धुपाचा लोट उठला, की अक्काचे केस सुटायचे, ती घुमायला लागायची आणि आत्याबाईंसकट सगळं घर तिच्या पाया पडायचं. आमच्याकडे अशा बाईला देवीचं झाड म्हणतात. झाड बोलेल ते देवीचं बोलणं. एरवी जे अक्काला तोंड उघडून मागता यायचं नाही, ते झाडाच्या तोंडून बरोबर मागितलं जायचं, हे मी कितीदा पाहिलं होतं. धाकट्या नणंदेला लांबच्या गावी द्यायचं आत्याबाईंनी ठरवलं होतं, ते देवीनंच मोडलं. आणि आणखी एक गोष्ट मी पाहून ठेवली होती. घुमायला लागायच्या आधी अक्का डाव्या हातानं समोरची समई हळूच बाजूला सरकवायची. भान हरपलेली बाई समई सरकवेल का? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही, पण तो माझ्या मनात कायम बसून होता.

मी केजच्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाला बोधावस्थेचं प्रकरण असतं. माणूस जागा असतो, झोपतो, स्वप्न बघतो, त्याला संमोहित करता येतं, कुणी ध्यान लावतं, कुणी नशा करतं, कुणी ढोलाच्या ठेक्यावर स्वतःला विसरतं. या सगळ्या बोधावस्थेच्या बदललेल्या अवस्था. उपवास, धूर, एकसुरी ठेका, भोवतालच्या लोकांची अपेक्षा, आणि स्वतःचा तयार झालेला विश्वास, एवढं जमून आलं की अंगात येणं फारसं अवघड नाही, असं मी दरवर्षी सांगत आले. मुलांना हे प्रकरण आवडतं, कारण प्रत्येकाच्या घरात नाहीतर गल्लीत कुणी ना कुणी घुमणारं असतंच. मीही ते रंगवून शिकवायची. अक्काचं नाव घेत नव्हते, एवढंच.

मग माझ्याच मुलीला तसं व्हायला लागलं.

प्राची तेव्हा बारावी होऊन आमच्याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला आली होती. गणपतीत आम्ही गावी गेलो होतो. आरती संपली आणि ही जागच्या जागी थबकली. नजर एका ठिकाणी लागलेली, ओठ आणि जबडा हळूहळू हलत होता, काहीतरी चावावं तसा, आणि बोटं ओढणीचं टोक चोळत होती. मी हाक मारली, तर ऐकू गेल्याची खूण नाही. मिनिटभरात ती भानावर आली, इकडेतिकडे बघितलं आणि जाऊन निजली. आत्याबाई मात्र दारातच बसल्या आणि त्यांनी हात जोडले. "देवी इडा चघळत हुती गं बाई," त्या म्हणाल्या. "बघितलं न्हाईस का? तोंडात इडा हुता तिच्या." देवीला विड्याचा नैवेद्य असतो, तेव्हा तोंड हललं म्हणजे देवीनं विडा खाल्ला, असा त्यांचा हिशेब. अक्का प्राचीकडे बघत राहिली, आणि ते बघणं मला आवडलं नाही.

माझा पहिला संशय साधा होता. पोर लहानपणापासून अक्काच्या मांडीवर वाढलेली. मंगळवारी घुमणारी अक्का तिनं शंभरदा बघितलेली. बघून बघून अंगात उतरतं. मुद्दाम नाटक करावंच लागतं असं नाही. दुसरा संशय त्याहून वाईट होता. अक्काचं वय झालं की तिचं झाड संपणार. मग या घरात तिला कोण विचारणार? तिला वारस हवा असेल. हा विचार एकदा मनात आला आणि मी अक्काच्या प्रत्येक हालचालीकडे त्याच नजरेनं बघायला लागले. तिनं प्राचीच्या कपाळाला अंगारा लावला की मी तो पुसायची आणि बोटाला लागलेला हुंगून बघायची. तिनं चहा दिला तरी मी कप उचलून आधी स्वतः घोट घ्यायची. आता लिहितानाही हे विचित्र वाटतं, पण तेव्हा मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

तोवर चुलत पुतण्यानं मोबाइलवर काढलेला प्राचीचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर फिरला होता. पुढच्या खेपेला आम्ही गावी गेलो तर ओसरीवर बायका बसलेल्या. कुणाला पोराच्या नोकरीचं विचारायचं होतं, कुणाला सुनेच्या बाळंतपणाचं. माझ्या अठरा वर्षांच्या मुलीच्या पायावर पन्नाशीच्या बायका डोकं ठेवत होत्या. ती गोंधळून माझ्याकडे बघत होती, पण त्या गोंधळात मला थोडा आनंदही दिसला, आणि त्यानं मी जास्त घाबरले.

माझा पहिला संशय मोडला तो माझ्याच वर्गात. मी तेच प्रकरण शिकवत होते. फळ्यावर अवस्थांची नावं लिहून वळले, तर तिसऱ्या बाकावर प्राचीचं पेन थांबलेलं. तीच लागलेली नजर, तेच चावणं, तीच बोटं ओढणीवर. वर्गात ना संबळ होतं, ना धूप, ना अक्का. खिडकीबाहेर कुणीतरी मोटारसायकलला किका मारत होतं, बाकी दुपारची शांतता. तिच्या शेजारची मुलगी कुजबुजली, "मॅडम, हिला देवी आली." मागच्या एका मुलीनं बाकाखाली चपला काढल्या आणि हात जोडले. मी खडू हातात धरून तशीच उभी. जे जे कारण मी मुलांना सांगत आले होते, त्यातलं एकही इथे लागू नव्हतं. मग प्राचीनं मान हलवली, वहीकडे बघितलं आणि विचारलं, "तास संपला का?"

घरी आल्यावर तिनं मला गाठलं. "आई, तू फळ्यावर जे लिहिलंस, त्यातलं माझं कुठलं?"

मी म्हटलं, "तूच सांग, काय होतं?"

आधी पोटातून काहीतरी वर चढतं, म्हणाली. मग जळणाऱ्या कापराचा वास येतो, कापूर कुठेच नसताना. आणि मग कुणीतरी मागे येऊन उभं राहतं. "मागे वळून बघायची गरज वाटत नाही गं. कळतं की ती आहे. तेवढ्यात असं वाटतं की आता काहीच वाईट होणार नाही, कुणाचंच. इतकं छान मला कधीच वाटलेलं नाही." हे सांगताना तिचे डोळे भरून आले. त्यात खोटं काही नव्हतं. मी एक साधी मानसशास्त्राची शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. पण नसलेला वास येणं, तोंडाचं चावणं, नंतरची गुंगी आणि आठवण पुसली जाणं, हे सगळं एकत्र कुठे वाचलं होतं ते मला आठवलं. ही फिट असू शकते. जमिनीवर पाडणारीच फिट असते असं नाही.

केजच्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं आणि बीडच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे न्यायला सांगितलं. मी वेळ घेतली. सकाळी गाडी दारात उभी राहिली आणि प्राची घरातून बाहेर आलीच नाही. "तू मला आजारी ठरवणार," ती म्हणाली. "तुला अक्काचं खोटं वाटतं म्हणून माझंही खोटं ठरवणार. मी नाही येत." मी समजावलं, ओरडले, रडले. ह्यांनी, म्हणजे तिच्या बाबांनी, एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि गाडीची किल्ली खिशात टाकली. हे स्वभावानं गरीब. आईपुढे त्यांचा आवाज कधी चढलेला मी ऐकला नाही, आणि लेकीपुढेही चढत नाही. गोळी काय, तपासणी काय, जिला ती नको आहे त्या सज्ञान मुलीला उचलून कशी न्यायची? आणि ज्या सुखाबद्दल ती बोलत होती ते काढून घ्यायला निघालेली बाई मीच होते.

नवरात्र बसलं. आत्याबाईंनी निरोप धाडला की अष्टमीला प्राचीला परडी द्यायची. परडी म्हणजे देवीची वेताची छोटी टोपली, हळदीकुंकवानं भरलेली, आणि सोबत गळ्यात कवड्यांची माळ. ती एकदा घेतली की मुलगी देवीची आराधीण झाली. पुढे आयुष्यभर मंगळवार-शुक्रवार पाळायचे, पाच घरी जोगवा मागायचा. त्याला माझी हरकत असण्याचं कारण नव्हतं; कितीतरी बाया परडी घेऊन सुखानं संसार करतात. पण जिच्या आजाराला देवी म्हणून गळ्यात माळ पडली, ती पुढे कुठल्या डॉक्टरसमोर बसेल? मी मान्य करायला तयार नव्हते, आणि प्राची परडी घ्यायला आतुर झाली होती.

मी अक्काला गोठ्यात एकटीला गाठलं. ती म्हशीपुढे कडबा टाकत होती. मी सरळ विचारलं, "अक्का, हे तुम्ही ठरवलं का?"

"मी कावून ठरवीन गं?" ती म्हणाली. "आत्याबाईंनी ठरवलं."

"पण तुम्ही नाही म्हणालात तर होणार नाही. तुम्हाला माहीत आहे ते."

तिनं कडब्याची पेंढी खाली ठेवली. "मी नाही म्हणून काय हुतं या घरात? माझं कोण ऐकतं?" एवढं बोलून ती पुन्हा कामाला लागली. मी तिथून बाहेर पडले ती जास्तच संशय घेऊन. तिनं नाही म्हटलं नव्हतं, हे मी घट्ट धरून ठेवलं.

अष्टमीला दुपारी होम झाला. आराधी बायका जमल्या होत्या. अंगणात मांडव, धुरानं डोळे चुरचुरत होते, संबळाचा ठेका पोटात बसत होता. मी उपाशी होते. उपवासाचा म्हणून नाही, घास उतरला नव्हता म्हणून. प्राची नवी साडी नेसून पाटावर बसली. तिच्यासमोर परडी, तिच्या बाजूला ताटात कवड्यांची माळ. आत्याबाईंनी माळ उचलली. त्याच वेळी अक्का उठली.

मी सवयीनं तिच्या डाव्या हाताकडे बघितलं. त्या दिवशी तिनं समई सरकवली नाही. केस सुटले, मान गरगर फिरली, आणि तिच्या हाताचा धक्का लागून समई कलंडली. गरम तेल तिच्या मनगटावर सांडलेलं मी बघितलं. कुणीतरी "अगं बाई" म्हणून पुढे झालं, पण अक्कानं हात मागे घेतला नाही. घुमत घुमत ती प्राचीसमोर आली आणि तिनं आत्याबाईंच्या हातातली माळ काढून ताटात परत ठेवली.

"ही परडी कुणी भरली?" आवाज अक्काचाच होता, पण आत्याबाईंशी त्या आवाजात ती जन्मात बोलली नव्हती. "मला इचारलं का? हिच्या अंगात मी न्हाई. ऐका सगळ्यांनी. हिच्या अंगात दुखणं हाय, मी न्हाई. माझं नाव घेऊन लेकराला कावून मारता? न्या हिला दवाखान्यात. बरी करा. मग आणा माझ्यापुढं."

संबळवाला थांबला. आत्याबाईंचा चेहरा पांढरा पडला. प्राची पाटावरून अर्धवट उठली आणि अगदी लहान मुलीच्या आवाजात तिनं विचारलं, "मग माझ्यात कोण येतं?"

अक्काचा भाजलेला हात तिच्या डोक्यावर गेला. "तुझ्यात मी न्हाई गं बाय. मी तुझ्या म्हागं हाय. तू फुडं चाल."

मग ती जमिनीवर बसली, बायकांनी तिला धरलं, पाणी पाजलं. परडी तशीच उचलून देव्हाऱ्यात ठेवली गेली. प्राची माझ्याकडे आली आणि म्हणाली, "उद्या जाऊ या." तिनं एवढंच म्हटलं. इतके दिवस मी जे शब्द घेऊन तिच्यामागे लागले होते, ते सगळे मिळून जे करू शकले नाहीत ते झालं होतं.

आता खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात कृतज्ञता आली नाही. आधी संशयच आला. ह्यांनी अक्काला सांगून ठेवलं होतं का? मी ह्यांना विचारलं, ते नाही म्हणाले, आणि त्यांना खोटं बोलता येत नाही. मग अक्कानं स्वतः ठरवून केलं का? समई विसरली का, घाईत राहिली का, की तेल सांडून घेतलं की लोकांचा विश्वास बसेल? आणि ते "म्हागं हाय" कुठून आलं? मागे कुणीतरी उभं राहतं हे प्राचीनं फक्त मला सांगितलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. प्राचीला विचारलं तर ती म्हणाली, "अक्काला कदाचित सांगितलं असेल, आठवत नाही." म्हणजे तिथेही ठाम काही नाही. मी प्रत्येक धागा ओढून बघितला आणि प्रत्येक धागा थोडा ओढला गेला की हातातून निसटत होता.

नवमीला सकाळी आम्ही निघालो. डॉक्टरांना फोन केला होता, सणाचा दिवस असूनही या म्हणाले. मांजरसुंब्याला चौकातल्या ढाब्यावर चहाला थांबलो. प्राची गाडीतून उतरली, दोन पावलं चालली, आणि तिच्या तोंडून एक विचित्र आवाज आला. मग ती कोसळली. सगळं शरीर ताठ, मग झटके. आजवर असं कधी झालं नव्हतं. मी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली माझी पर्स घातली. काय करायचं ते मला माहीत होतं, पण भोवती गर्दी झाली. कुणी चप्पल हुंगवायला आणली, कुणी कांदा फोडला, कुणी तिच्या दातांत चमचा घालायला बघत होता. मी ओरडत होते, पण माझं कुणी ऐकेना. ह्यांना गर्दीनं मागेच अडवलं होतं.

बाजूला ऊसतोडीला निघालेल्या टोळीचा ट्रक उभा होता. त्यावरून एक उंच, दणकट बाई उतरली. तिनं चप्पलवाल्याचा हात धरून बाजूला केला. "ओ, मागं सरा! तिची माय सांगती तसं करा. आईपक्षा तुमाला जास्त कळतंय का?" तिनं ट्रककडे बघून हाळी दिली, आणखी चार-पाच बाया खाली उतरल्या. त्यांनी एक वाकळ धरून प्राचीच्या भोवती आडोसा केला आणि आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्या वाकळेच्या सावलीत मी माझ्या मुलीची मान धरून बसले होते आणि बाहेरचे आवाज लांब गेल्यासारखे झाले. झटके थांबले. श्वास पुन्हा सुरळीत झाला. प्राचीच्या तोंडाला लागलेली माती त्या बाईनं आपल्या पदरानं पुसली. "लेकरू हाय. हुईल बरं," ती म्हणाली. ट्रकचा हॉर्न वाजत होता. मी तिचं नाव विचारायच्या आत ती वर चढली आणि ट्रक निघून गेला. ती बाई म्हणजे देवीच होती असं मला म्हणायचं नाही. तिला कारखान्याला पोचायचं होतं आणि तिचा मुकादम हॉर्न वाजवत होता. पण आदल्याच दिवशी हीच फिट गावच्या अंगणात आली असती, तर बायकांनी पूर्ण देवी आली म्हणून संबळ आणखी जोरात वाजवलं असतं. तिच्या भोवती आडोसा कुणी धरला असता?

बीडच्या डॉक्टरांनी मेंदूचा आलेख काढला, एमआरआय केली. डोक्यात एका बाजूला एक छोटी गाठ होती, पोटातल्या जंताच्या अळीनं तिथे घर केल्यावर होते तशी. बरी होणारी. काही वर्षं गोळ्या घ्याव्या लागतील, एकही चुकवायची नाही, म्हणाले. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, तिला तेव्हा जे वाटतं त्याचं काय? ते हसले नाहीत. "तिला जे वाटतं ते खरंच वाटतं. ती नाटक करत नाही. आपण फिट थांबवायची, एवढं माझं काम." मला वाटलं होतं, हे उत्तर ऐकून मी सुटेन. सुटले नाही. पण ओझं थोडं हललं.

गोळ्यांनी फिट थांबल्या. आणि त्याबरोबर दुसरंही थांबलं. दिवाळीनंतर एकदा प्राची स्वयंपाकघरात माझ्या मागे येऊन उभी राहिली. "आई, आता मागे कुणी येत नाही," म्हणाली. "मी बरी आहे, मला माहीत आहे. पण ती आता येत नाही." ती रडत नव्हती, म्हणून मला जास्त वाईट वाटलं. मी तिला जवळ घेतलं. पुढच्या सुट्टीत गावी गेलो तेव्हा तिनं हेच अक्काला सांगितलं. मी भाजी निवडत ऐकत होते. अक्का म्हणाली, "मला तर लग्न झाल्यापासून मागं कुणीच दिसलं न्हाई बघ. म्हून काय चालायचं थांबले व्हय मी?" प्राची हसली. खूप दिवसांनी ती तशी हसली.

त्याच दिवशी मी अक्काला शेवटी विचारलं. तिच्या मनगटावरचा डाग आता फिकट झाला होता. "अक्का, अष्टमीला तुम्ही बोललात, की..."

तिनं मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "मला काय ठावं? मी तवा कुठं असती? तेल सांडलेलं बी मला सांजच्याला कळलं." मग म्हणाली, "तू मला गोठ्यात इचारलं हुतंस. तवा माझ्या नाही म्हणण्यानं काय झालं असतं, सांग?"

हे कबूल करणं होतं की नुसतं विचारणं, मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही. ती जाणूनबुजून बोलली असेल, तर ज्या घरात तिचा शब्द कुणी ऐकत नव्हतं तिथे तिनं आयुष्यभर जपलेली एकुलती एक ताकद माझ्या मुलीसाठी खर्च केली, कारण त्या दिवसानंतर गावातल्या दोन-तीन घरांनी तिला बोलावणं बंद केलं; देवीनं देवीलाच नाकारलं हे त्यांना पटलं नाही. ती जाणूनबुजून बोलली नसेल, तर मग जी बोलली तिला मी आजवर कधी हात जोडले नव्हते. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी मी कुणाचीतरी ऋणी होते. माझ्या संशयाला यातून वाट सापडत नव्हती. संशय घेत घेत मी एका अशा जागी येऊन पोचले होते जिथे पुढे विचारायला काही उरलं नव्हतं, आणि तरी नमस्कार करावासा वाटत होता. शरण जायला आधी सगळं कळावं लागतं, असं मी धरून चालले होते. तसं काही लागत नाही, एवढं मला त्या घरात, त्या ओसरीवर बसून कळलं. मी वर्गात अजून तेच प्रकरण शिकवते, त्यातलं एक अक्षर बदललेलं नाही. फक्त अंगात येण्यावर मुलं हसायला लागली की मी आता त्यांच्याबरोबर हसत नाही.

चैत्रात प्राचीचा आलेख पुन्हा काढला, तो चांगला आला. त्या आठवड्यात आम्ही गावी गेलो. मी केजहून खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकू, असं ओटीचं सगळं घेतलं होतं. सकाळी ठाण्यापुढे आत्याबाई दिवा लावत होत्या, अक्का झाडलोट करून एका बाजूला बसली होती. मी देवीपुढे डोकं टेकलं. मग ताट उचललं आणि अक्कासमोर जाऊन बसले.

आत्याबाईंचा हात थांबला. "अगं, रांड बाईची कुणी वटी भरतं व्हय?" त्या म्हणाल्या. रागानं नव्हे, घाबरून.

अक्का माझ्याकडे बघत होती. पस्तिशीच्या आत जिची ओटी रिकामी झाली, त्या बाईनं इतक्या वर्षांत स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं. तिनं जे मागितलं ते नणंदेसाठी, नाहीतर माझ्या लेकीसाठी.

"कुणाची भरतीस गं?" तिनं हळूच विचारलं. "माझी, का तिची?"

"ते तुमचं तुम्ही दोघी बघा," मी म्हटलं. "पदर धरा."

ती आधी हसली, मग तिची मान खाली गेली. तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला. आत्याबाईंनी कुंकवाचा करंडा थोडा वेळ हातातच धरून ठेवला, आणि मग तो माझ्या बाजूला सरकवला.